तालमीत मुलींसाठी बुद्धिबळाचं टेबल मांडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या शहरात एक खुली रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) बुद्धिबळ स्पर्धा झाली, कुणी भरवली ते लिहीत नाही कारण जे झालं ते मी इतर ठिकाणीही पाहिलंय. सातवीतल्या एका मुलीनं कॉलेजातल्या पोराला हरवलं, हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, एक प्यादं जास्त होतं तेवढ्या जोरावर, अजिबात घाई न करता. आणि माइकवरनं काय सांगितलं गेलं तर "मुलगी असूनसुद्धा भारी खेळली". लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस वाटताना तिचा नंबर खुल्या गटात लागलेला होता, पण तिला बोलावलं ते उत्कृष्ट मुलगी म्हणून, त्या बक्षिसाची रक्कम कमी, आणि खुल्या गटातलं तिचं बक्षीस तिच्या खालच्या पोराला गेलं. तिच्या वडिलांनी विचारलं तर उत्तर मिळालं, अहो तिला मिळालं की एक, दोन कशाला. मी तिथंच उभी होते, मी पण बोलले, पण तोवर मांडव सोडायला लागले होते.

हे पत्र त्या एका बक्षिसासाठी नाहीये, आपल्या तालमींत मुलींना पटासमोर जागा मिळावी म्हणून आहे. मी पेठेत मुलींना बुद्धिबळ शिकवते, आणि शिकवताना ओपनिंग, पिन, फोर्क असले डावपेच एवढंच सांगून भागत नाही असं माझं ठाम मत झालंय. या पटापर्यंत बाई पोचली कशी हे मुलींना माहीत पाहिजे. म्हणून मी त्यांना स्कॉटलंडची गोष्ट सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं बायका मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरत होत्या आणि त्याच काळात बायका बुद्धिबळाच्या स्पर्धा पण खेळायला लागल्या होत्या, हे सांगितलं की मुली सरसावून बसतात. मत आणि बुद्धिबळाचा काय संबंध असं त्या विचारतात. संबंध आहे आणि लई जवळचा आहे.

मताच्या चळवळीत दोन तट होते, आपल्याकडे मवाळ आणि जहाल होते ना तसेच. मवाळ बायका अर्ज करायच्या, सभा घ्यायच्या, कोर्टात जायच्या. एडिनबर्गमध्ये त्यांची संस्था १८६७ सालची, म्हणजे चाळीस-चाळीस वर्षं अर्ज करून झाले होते. त्यातली क्रिस्टल मॅकमिलन ही मला फार आवडते. एडिनबर्ग विद्यापीठातली विज्ञानाची पहिली महिला पदवीधर, १८९६ साल, गणितात पहिला वर्ग. तिकडं विद्यापीठाच्या पदवीधरांना पार्लमेंटचा एक वेगळा मतदारसंघ होता, आपल्याकडं विधान परिषदेला पदवीधर मतदारसंघ असतो तसा. तर या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी म्हणाल्या, पदवी आम्हाला पण दिली, मग मतपत्रिका का नाही? खटला खालच्या कोर्टात हरल्या, वर गेल्या, तिथंही हरल्या, आणि शेवटी १९०८ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिकडच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, क्रिस्टलनं स्वतः उभं राहून युक्तिवाद केला. तिथं असा युक्तिवाद करणारी ती पहिली बाई. तिथंही हरली. मी मुलींना सांगते की बघा, डाव हरला तरी तिनं नोटेशन, म्हणजे खेळ्यांची नोंद, शेवटपर्यंत लिहिलं, कारण पुढची तिथूनच सुरू करणार होती.

जहाल गटाला सफ्रजेट म्हणत. त्यांची संघटना १९०३ साली मँचेस्टरला एमेलिन पँकहर्स्टबाईंनी काढली, आणि तिच्यात स्कॉटलंडच्या बायकांनी जे काही केलं ते वाचून अंगावर काटा येतो. फ्लोरा ड्रमंड घ्या. जन्म मँचेस्टरचा पण वाढली स्कॉटलंडच्या अॅरन बेटावर. पोस्टमिस्ट्रेस व्हायची परीक्षा पास झाली आणि तिला नोकरी नाकारली, का तर उंची पाच फूट दोन इंच पाहिजे आणि हिची एक इंच कमी. विचार करा, पोस्टात बसून तिकिटं द्यायला, तारा करायला एका इंचाचा काय संबंध. तीच बाई पुढं घोड्यावर बसून मोर्चे काढायला लागली, लोक तिला जनरल म्हणायचे. १९०८ साली ती थेम्स नदीतून बोट घेऊन पार्लमेंटच्या गच्चीसमोर गेली आणि चहा पीत बसलेल्या खासदारांना मोठ्यानं हाक मारून सभेचं आमंत्रण दिलं. नऊ वेळा तुरुंगात गेली. आणि तुरुंगात इतर बायकांना मोर्स कोड शिकवला, म्हणजे कोठडीतून कोठडीत ठोकून बोलता यावं म्हणून. जी तारायंत्राची विद्या पोस्टानं नाकारली ती तिनं तिथं वापरली. मला तर यात पक्की बुद्धिबळपटू दिसते, कोपऱ्यात अडकलेला मोहरा कुठं कामाला येईल हे जिला दिसतं ती.

९ ऑक्टोबर १९०९ ला एडिनबर्गच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर मोठी मिरवणूक निघाली, बायकांनी काय काय केलंय आणि काय काय करू शकतात ते दाखवणारी, पुढं घोड्यावर फ्लोरा ड्रमंड. त्यात बेसी वॉटसन नावाची नऊ वर्षांची मुलगी बॅगपाइप वाजवत होती. नऊ वर्षांची! ती पुढं एडिनबर्गच्याच कॅल्टन जेलच्या बाहेर उभी राहून आतल्या बायकांसाठी पाइप वाजवायची, की त्यांना कळावं बाहेर कोणीतरी आहे. माझ्या क्लासमधली सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांचीच आहे आणि तिला बेसीचं नाव पाठ झालंय.

सफ्रजेट बायकांमध्ये तुरुंगातलं उपोषण पहिल्यांदा केलं ते पण स्कॉटलंडच्याच बाईनं. मॅरियन वॉलेस डनलॉप, चित्रकार, इन्व्हर्नेसजवळची. पार्लमेंटच्या दालनातल्या भिंतीवर हक्काच्या कायद्यातलं वाक्य शाईनं छापलं म्हणून तिला पकडलं, आणि जुलै १९०९ मध्ये तिनं लंडनच्या हॉलोवे तुरुंगात अन्न सोडलं. तिला असं कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ठरवलं. ९१ तासांनी सोडून द्यावी लागली. मग बाकीच्यांनी तेच सुरू केलं आणि सरकारनं नाकातोंडातून नळी घालून जबरदस्तीनं खायला घालायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या तुरुंगात हे पहिल्यांदा झालं एथेल मूरहेडवर, फेब्रुवारी १९१४ मध्ये, कॅल्टन जेलमध्ये. ही पण चित्रकार, पॅरिसला शिकलेली, डंडीत राहणारी. चर्चिलच्या सभेत अंडं फेकलं, मत नाही तर कर पण नाही म्हणून कर भरला नाही, स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकातली काच फोडली, दर वेळी पोलिसांना वेगळंच नाव सांगितलं. नळीनं खायला घातल्यावर तिला न्यूमोनिया झाला आणि मग सोडली. १९१३ चा तो कायदाच तसा होता, उपोषणानं आजारी पडली की सोडायची, बरी झाली की परत धरायची, लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणायचे.

काचा फोडणं, आगी लावणं बरोबर होतं का असं एका आईनं मला विचारलं. मी तिला सरळ सांगितलं की ताई, ते मला पण पटत नाही सगळं, पण चाळीस वर्षांचे अर्ज कचऱ्याच्या डब्यात टाकणाऱ्यांना आधी विचारा की हे बरोबर होतं का.

आता बुद्धिबळ. एडिनबर्गचा बुद्धिबळ क्लब १८२२ सालचा, जगातल्या जुन्या क्लबांपैकी एक. आणि त्या काळचा क्लब म्हणजे पुरुषांचा अड्डा, सिगारचा धूर, वर्तमानपत्रं, राजकारणाच्या गप्पा. म्हणजे बघा, ज्या खोलीत मताची चर्चा होते त्याच खोलीत पट मांडलेला असतो, आणि बाईला त्या खोलीत मोकळेपणी जाता येत नाही. मत नाही ते एक आणि खोली नाही ते दुसरं असं वेगवेगळं नव्हतंच ते. म्हणून १८९५ साली लंडनला बायकांनी स्वतःचा क्लब काढला. दोनच वर्षांत, १८९७ ला, लंडनमध्ये बायकांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, वीस जणी खेळल्या आणि जिंकली कोण तर मेरी रज, वय ५५, एकोणीस डावांत साडेअठरा गुण! पंचावन्नाव्या वर्षी. आमच्याकडं पस्तिशीतल्या बायका मला सांगतात, आता काय आमचं शिकायचं वय आहे का मॅडम.

त्याच स्पर्धेत दुसरी आली लुईसा फॅगन, आणि तिचं नाव आपण लक्षात ठेवायला पाहिजे कारण ती काही वर्षं भारतात होती आणि १८८२ साली मुंबईत पुरुषांमध्ये बसून स्पर्धा जिंकलेली होती. आपल्या मुंबईत! बायकांच्या हक्कांची ती मोठी पुरस्कर्ती होती. तिचं नाव मी आजवर एकाही मराठी क्रीडा पुरवणीत वाचलेलं नाही, तुमच्याही नाही, हे तक्रार म्हणून नाही तर विनंती म्हणून लिहिते.

पुढं १९०४ पासून ब्रिटिश अजिंक्यपदात बायकांचा गट सुरू झाला. १९११ साली ती स्पर्धा ग्लासगोला होती. आता त्या वर्षाचं चित्र डोळ्यासमोर आणा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनगणना झाली आणि सफ्रजेट बायकांनी तिच्यावर बहिष्कार घातला, आम्हाला माणसात मोजत नाही तर मोजणीत पण धरू नका म्हणून कित्येक जणी रात्रभर घराबाहेर राहिल्या. आणि त्याच वर्षी ग्लासगोत बायका पटावर बसून गुण मोजत होत्या. पुढच्या वर्षी त्याच ग्लासगोची जेनी अॅलन, जहाजांच्या मोठ्या कंपनीवाल्या घरातली, लंडनमध्ये काचा फोडल्या म्हणून तुरुंगात गेली आणि तिच्या सुटकेसाठी गावातल्या दहा हजारांवर लोकांनी सह्या केल्या. ज्या गावात असं वारं असतं तिथल्या बाईला पटासमोर बसताना आपण कशासाठी बसलोय हे कुणी वेगळं सांगावं लागत नसणार.

सफ्रजेट बायकांनी स्वतःचा पटाचा खेळ पण काढला होता हो, १९०८ च्या सुमारास, सफ्रजेटो नावाचा. दोघांनी खेळायचा, एकीकडं बायका आणि दुसरीकडं पोलीस. बायकांनी सहा सोंगट्या पार्लमेंटात घुसवायच्या आणि पोलिसांनी सहा सोंगट्या बायकांच्या सभागृहात, पकडलं तर तुरुंग, पोलीस जखमी झाला तर दवाखाना. मी त्याचा पट पुठ्ठ्यावर आखला, नियम थोडे सोपे केले आणि मुलींना दिला. त्या दिवशी क्लास संपायची वेळ होऊन गेली तरी कुणी उठेना.

मत मिळालं ते १९१८ ला, तेही तिशीच्या पुढच्या आणि घर-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांना. पुरुषांइतकं मिळायला १९२८ उजाडलं. बुद्धिबळात त्याच्या एक वर्ष आधी, १९२७ ला, व्हेरा मेन्चिक पहिली महिला जगज्जेती झाली. ती पुरुषांत खेळायला लागली तेव्हा व्हिएन्नाच्या एका मास्टरनं गंमत केली की जो हिच्याकडून हरेल त्याला व्हेरा मेन्चिक क्लबचा सभासद करायचं, आणि पहिला सभासद तोच झाला. १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं फातिमानं, पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या घरातली नोकर. त्याच घरातल्या, पुरुषांत ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलेल्या सुलतान खानचं नाव लोक घेतात, फातिमाचं घेत नाहीत.

आपल्याकडं मताचं काय होतं ते पण सांगायला पाहिजे. मुंबई इलाख्यात बायकांना मर्यादित का होईना मत मिळालं १९२१ मध्ये. कोल्हापूर संस्थान त्यात येत नव्हतं, पण इथं शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, इथं रखमाबाई केळवकर मुलींच्या शाळा बघत होत्या आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर दवाखान्यात डॉक्टर होत्या. म्हणजे आपल्या गावाला बाई पुढं गेलेली बघायची सवय जुनी आहे. आणि तरी देशाच्या पहिल्या निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. उत्कृष्ट मुलगी म्हणून हाक मारतात तेव्हा मला ते अठ्ठावीस लाख आठवतात. तिला नाव आहे, रेटिंग आहे, नंबर आहे, त्या नंबरानं बोलवा.

आणि कुणी म्हणेल की हे सगळं परदेशातलं, तर खाडिलकर भगिनींकडं बघा. १९७४ ला पहिलं राष्ट्रीय महिला अजिंक्यपद वासंती खाडिलकरनं जिंकलं, मग जयश्री, मग रोहिणी, कितीतरी वर्षं ते त्या घरातच राहिलं. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तर केवढा गदारोळ झाला, वय तेरा! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाई आहे म्हणून राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाला अडवता येणार नाही. म्हणजे खुला गट हा पुरुषांचा गट नाही, सगळ्यांचा आहे, हे महाराष्ट्रातल्या एका शाळकरी मुलीमुळं पक्कं झालं. आपल्याकडच्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात अजून पण लोक "पुरुष गट" छापतात.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, फायनलला समोर कोनेरू हंपी, म्हणजे दोन्हीकडं आपल्याच, आणि दिव्या त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, बुद्धिबळातला हा सगळ्यात मोठा किताब. त्या आठवड्यात माझ्याकडं चौकशीचे फोन वाढले. आया विचारायच्या, कुठं पाठवू. मी काय सांगू? खासगी क्लासची फी सगळ्यांना परवडत नाही, माझी खोली लहान आहे. तासाभरावर सांगलीत बघा, भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य घालवून नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, त्याच सांगलीची स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली. एका गावात बसायला जागा मिळाली की काय होतं ते इतकं जवळ दिसतंय.

आणि कोल्हापुरात जागा नाही असं कोण म्हणेल. पेठेपेठेत तालीम आहे. या तालमींनी कुस्ती जपली, फुटबॉल जपला, पुराच्या वेळी लोकांना बाहेर काढलं, मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी नेमबाजीत मेडल आणलं तेव्हा हे गाव त्यांच्या पाठीशी उभं राहिलेलं आपण पाहिलंय. पण मेडल आल्यावरची मिरवणूक आणि मेडल यायच्या आधी रोज संध्याकाळी बसायला खुर्ची यात फरक आहे. संध्याकाळी तालमीच्या दारात पोरं बसलेली असतात, कॅरम चालू असतो, बुद्धिबळ पण असतं कधीकधी, आणि मुलगी तिथून मान खाली घालून चालत जाते. तिला कुणी हाकललेलं नसतं. तिला कुणी बोलावलेलंही नसतं.

मुलींचा वेगळा गट बंद करा असं मी म्हणत नाही, उलट तो राहू दे, त्या गटामुळं घरचे पाठवतात हे मला रोज दिसतं. लंडनच्या बायकांनी पण आधी वेगळाच क्लब काढला होता. पण तो गट म्हणजे आत यायची वाट आहे, तिथंच थांबवायची जागा नाही. ज्या मुलीचा खुल्या गटात नंबर लागला तिला खुल्या गटाचं बक्षीस द्या आणि मुलींचं पुढच्या मुलीला द्या, एवढा साधा नियम माहितीपत्रकात छापायला काय हरकत आहे.

माझी मागणी अशी आहे. प्रत्येक पेठेतल्या निदान एका तालमीनं आठवड्यातनं दोन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, चार बोर्ड मांडावेत आणि पहिल्या दोन बोर्डांवर मुलींचा हक्क ठेवावा. स्पर्धेचा साधा रोल-अप बोर्ड आणि प्लॅस्टिकचे मोहरे हजार रुपयांच्या आत येतात, गणपतीच्या वर्गणीतनं एवढं निघू शकतं. उजेड चांगला पाहिजे, बाथरूमला कडी पाहिजे, आणि एखादी काकू नाहीतर ताई तिथं बसलेली पाहिजे, म्हणजे घरचे सोडतील. आणि साहेब, आपण रविवारच्या पानात एक कोडं आणि चार ओळी खेळाडू बाईविषयी द्याव्यात, लुईसा फॅगनपासून सुरू करा, फातिमा द्या, रोहिणी खाडिलकर द्या. मजकूर मी लिहून देते, मानधन नको.

ज्या तालमीला हे सुरू करायचंय त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी. पहिले तीन महिने मी स्वतः येऊन शिकवीन, सोबत माझ्याकडच्या दोन मोठ्या मुली येतील, त्यातली एक अकरावीला आहे आणि माझ्यापेक्षा चांगली खेळते. मंगळवार आणि शुक्रवार माझे मोकळे आहेत.

आपली नम्र,
बुद्धिबळ शिकवणारी एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर